पैशाचं राज्य की माणसाचं? बाबासाहेबांनी 1943 मध्येच विचारलेला सवाल

महाड/पोलादपूर : मार्च 1927 मध्ये महाडला परिषद भरली, तेव्हा आलेल्या लोकांसाठी प्यायचं पाणी विकत घ्यावं लागलं. एका दिवसाचे 40 रुपये! चवदार तळं भरलेलं होतं, पण अस्पृश्यांना तिथे ओंजळ बुडवायची मनाई. 20 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण अशा चळवळीला पैसा कुठून यायचा, हे फारसं कोणी विचारत नाही.

देणगीचं ओझं बाबासाहेबांना चांगलं ठाऊक होतं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये अमेरिकेला गेले. त्याबदली 10 वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता. 1917 मध्ये नोकरीवर हजर झाले, तर शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी परतावं लागलं. ‘मूकनायक’ पत्राला 1920 मध्ये शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. म्हणजे श्रीमंताचा पैसा त्यांनी घेतलाच नाही, असं नाही. मात्र तो घेऊन तोंड बंद ठेवलं नाही.

15 ऑगस्ट 1936 ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. समोर काँग्रेस. तिच्यामागे घनश्यामदास बिर्लांसारखे कारखानदार, आणि जमनालाल बजाज तर पक्षाचे खजिनदारच. बजाज स्वतः तुरुंगातही गेले, ते विसरून चालणार नाही. पण पैशाची ताकद ती ताकदच. मजूर पक्षाने 1937 च्या निवडणुकीत अवघे 17 उमेदवार उभे केले, त्यातले बहुतेक निवडून आले. कुलाबा जिल्ह्यातून महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीसही आले. चवदार तळं सर्वांना खुलं करण्यासाठी महाड नगरपालिकेत झटलेले तेच हे टिपणीस.

सप्टेंबर 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोत सरकारचा सारा भरायचा आणि कुळाकडून त्याच्या कितीतरी पट वसूल करायचा, वर वेठही घ्यायचा. जानेवारी 1938 मध्ये कोकणातली हजारो कुळं मुंबईत विधिमंडळावर चालून गेली. तरी काँग्रेस सरकारच्या काळात ते विधेयक मंजूर झालं नाही. त्याच वर्षी त्या सरकारने संपावर बंधनं घालणारा औद्योगिक कलह कायदा मात्र आणला. बाबासाहेबांनी विरोध केला, 7 नोव्हेंबरला मुंबईत गिरणी कामगारांनी एक दिवसाचा संप केला, तरी कायदा झालाच. कुळांचं काम अडलं आणि मालकांना हवं ते झालं, याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.

18 जानेवारी 1943 ला पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीला ते बोलले. देशात पैसा पहिल्यांदाच संघटित ताकद म्हणून राजकारणात उतरतोय, गांधी आणि जिना दोघांनीही मोठ्या भांडवलदारांचा आधार घेतलाय, असं त्यांनी दोघांचं नाव घेऊन सांगितलं. अमेरिकेत विचारला गेलेला सवाल त्यांनी इथेही टाकला : राज्य संपत्तीने करायचं की माणसाने? सार्वजनिक जागी स्वतंत्र बुद्धीची माणसं बसणार की धनिकांचे वेठबिगार? 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोखे रद्द केले, तेव्हाही कोणी कोणाला किती दिलं हे मतदाराला कळायला हवं, हाच मुद्दा होता.

1952 च्या लोकसभेला बाबासाहेब मुंबईत हरले, 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. सगळा दोष पैशावर टाकणं बरोबर नाही, संघटनाही अपुरी होती. 6 डिसेंबर 1956 ला ते गेले.

खोती मात्र त्याआधीच गेली होती. विधेयक मांडल्यानंतर 12 वर्षांनी, 1949 मध्ये, मुंबई सरकारने तिच्या उच्चाटनाचा कायदा केला.