सरहद्दीवरचा नेत्रवैद्य

एस्परांतो या कृत्रिम भाषेचे जनक, एवढीच डॉ. लुड्विक झामेनहॉफ यांची ओळख सर्वसाधारणपणे करून दिली जाते. ती अपुरी आहे. त्यांचे जन्मगाव डोळ्यांपुढे आणल्यावाचून त्यांच्या खटाटोपाचा अर्थ लागत नाही.

बियालिस्टोक हे ते गाव. पोलंड-लिथुएनियाच्या राज्यातले हे गाव १७९५ च्या फाळणीत प्रशियाकडे गेले आणि १८०७ साली तिल्सितच्या तहान्वये झारच्या पदरात पडले. १८५९ साली झामेनहॉफ तेथे एका ज्यू शिक्षकाच्या घरी जन्मले. त्या काळी कचेरीत रशियन, पोलिश उमरावांत पोलिश, जर्मन गिरणीवाल्यांत जर्मन, बाजारात यिद्दिश आणि आसपासच्या खेड्यांत बेलारूसी बोलली जाई. निम्म्याहून अधिक रहिवासी ज्यू होते. राज्यकर्ता बदलला की दरबारची भाषा बदले. शेजाऱ्याविषयीचा संशय तेवढा कायम राही.

या वैराचे मूळ भाषाभेदात आहे, असे त्या मुलाच्या मनाने घेतले. पुढे वॉर्सात नेत्रवैद्यकी करीत असताना १८८७ साली त्यांनी नव्या भाषेचे पहिले पुस्तक टोपणनावाने काढले. खर्च सासऱ्यांनी दिलेल्या पैशांतून झाला. 'आशा बाळगणारा' या अर्थाचे ते टोपणनावच भाषेला चिकटले.

परंतु १९०६ च्या जूनमध्ये बियालिस्टोकमध्येच ज्यूंची कत्तल झाली. ऐंशीहून अधिक माणसे मारली गेली आणि तीत सैनिक व पोलीसही सामील होते. मारणाऱ्यांना मरणाऱ्यांची भाषा कळत नव्हती म्हणून हे घडले, असे कोण म्हणेल? सामाईक भाषा पुरेशी नाही, हे झामेनहॉफ यांनी तोवर ओळखले होते. त्याच वर्षी मांडलेल्या 'होमारानिस्मो' या विचारात त्यांनी सुचविले की, देशाला कोणत्याही एका जमातीचे नाव देऊ नये, राजधानीवरून वा भूगोलावरून तटस्थ नाव द्यावे. १९१५ साली, महायुद्ध चालू असताना, त्यांनी मुत्सद्द्यांना आवाहन केले की, नकाशाच्या रेघा पुन्हा ओढून भागणार नाही. प्रत्येक देश त्यातील सर्व रहिवाशांचा समान मालकीचा मानला जावा. आमच्या मते हाच त्यांचा खरा वारसा होय. त्यांच्या अनेक अनुयायांना मात्र केवळ सोयीची भाषा हवी होती; हे तत्त्वज्ञान त्यांना अडचणीचेच वाटले.

१९१७ च्या एप्रिलमध्ये, जर्मनांच्या ताब्यातील वॉर्सात, त्यांचे निधन झाले. बियालिस्टोक नंतर स्वतंत्र पोलंडात आले, १९३९ मध्ये सोविएत राजवटीखाली आणि १९४१ मध्ये हिटलरच्या टाचेखाली गेले. २७ जून १९४१ रोजी जर्मनांनी तेथील मोठे सिनेगॉग आत कोंडलेल्या माणसांसह जाळले. झामेनहॉफ यांचा मुलगा अॅडम १९४० मध्येच वॉर्साजवळ गोळ्यांना बळी पडला होता. झोफिया व लिडिया या मुली १९४२ मध्ये ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारल्या गेल्या. बियालिस्टोकमध्ये आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे. बाजारातली यिद्दिश मात्र आता तेथे कोणी बोलत नाही.