दुसऱ्यांच्या रिळांतून

एस्फिर शुब (1894–1959) या बाईंचं नाव झालं ते बहुतेक दुसऱ्यांनी चित्रित केलेल्या रिळांवर. त्या संकलन शिकल्या मॉस्कोच्या ‘गोस्किनो’त, 1922 पासून. काम तसं फारसं अभिमानाचं नाही: परदेशी चित्रपट सोव्हिएत सरकारला चालतील असे कापायचे, पाट्या बदलायच्या. सेन्सॉरचीच कात्री म्हणा ना! पण तिथेच त्यांना कळलं, पुढचं दृश्य बदललं की तोच चेहरा वेगळं बोलतो. तरुण आयझेनस्टाईनही त्यांच्या टेबलाशी बसून हे शिकला.

1926 मध्ये त्या लेनिनग्राडला गेल्या. तिथे जुन्या बातमीपटांची रिळं तळघरांत ओलीने खराब होत होती. झारच्या घरची खासगी दृश्यंसुद्धा त्यांना सापडली. सुमारे 60,000 मीटर फिल्म पाहिली, चित्रपटात घेतली 1,500 च्या आसपास. जहाजावर नाचून घामाघूम झालेले बडे लोक, आणि लगेच पुढे राबून घाम गाळणारे शेतकरी! 1927 चा ‘रोमानोव्ह घराण्याचा अंत’ असा उभा राहिला. झारची माणसं कौतुकाने टिपलेली, तीच आता आरोपी. दृश्यं खरी आणि प्रचारही खराच, असं मला वाटतं.

पुढच्याच वर्षी टॉलस्टॉयवर चित्रपट करायला घेतला, तर त्याची हलती दृश्यं फारच थोडी मिळाली. मग बाईंनी त्याच्या भोवतालचा रशियाच कापून-जोडून दाखवला.