चार आणे आणि सहा पेन्स

आपल्या पी. टी.च्या सरांनी मैदानासाठी दरमहा चार आणे गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना सर्वांत जास्त नावं ठेवणारा मीच होतो. शाळेचं मैदान, मग पैसे कसले, असं मी वर्गभर सांगत फिरलो. निवृत्तीनंतर क्रिकेटचा जुना इतिहास वाचताना विल्यम क्लार्क भेटला आणि सर आठवले. म्हणून या स्मरणिकेसाठी त्याच्याविषयी लिहितो.

क्लार्कचा जन्म 1798 सालचा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. धंद्याने गवंडी. फाइव्हज नावाचा चेंडूचा खेळ खेळताना एका डोळ्याची दृष्टी गेली, तरी क्रिकेट सुटलं नाही. हात खांद्याखालीच ठेवून तो संथ, अंडरआर्म चेंडू टाकी आणि फलंदाजाचा कच्चा दुवा नेमका हेरी.

1837 मध्ये त्याने ट्रेंट नदीच्या पुलाजवळच्या सराईच्या मालकिणीशी, मेरी चॅपमन या विधवेशी लग्न केलं. सराईमागे मोकळी जमीन होती. तिथे त्याने मैदान तयार केलं आणि पुढच्याच वर्षी सामने सुरू झाले. तेच आजचं ट्रेंट ब्रिज. 1841 मध्ये स्थापन झालेल्या नॉटिंगहॅमशायर काउंटी क्लबचं घर आजही तेच आहे.

पण क्लार्कने सामना पाहायला सहा पेन्स लावले. गावाच्या माळावर फुकट क्रिकेट पाहायची सवय असलेल्या लोकांना ते रुचलं नाही. 1846 मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो लंडनला लॉर्ड्सवर सरावाचा गोलंदाज म्हणून गेला. त्याच वर्षी त्याने देशातले नामांकित खेळाडू जमवून ऑल इंग्लंड इलेव्हन हा फिरता संघ काढला. गावोगावच्या वीस-बावीस जणांच्या संघांशी हे अकरा जण खेळत. ज्यांनी मोठे खेळाडू कधी पाहिले नव्हते, त्यांच्या दारात क्रिकेट पोचलं.

तो साधुसंत मात्र नव्हता. स्वभावाने हेकट आणि पैशाला चिकट. खेळाडूंना तो मोबदला कमी देतो म्हणून 1852 मध्ये जॉन विस्डेन आणि इतरांनी वेगळा संघ काढला. क्लार्क 1856 मध्ये वारला, त्या वर्षापर्यंत तो खेळत होता.

भांडणं विरली, मैदान राहिलं. 1899 मध्ये तिथे पहिली कसोटी झाली, डब्ल्यू. जी. ग्रेस यांची ती शेवटची. 2007 मध्ये आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने त्याच मैदानावर नऊ बळी घेऊन भारताला कसोटी जिंकून दिली. टीव्हीसमोर मी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ती जागा एका गवंड्याने तयार केली होती हे मला ठाऊक नव्हतं.

सरांच्या चार आण्यांतून रोलर आला, मॅटिंग आलं, उन्हाळ्यात मैदानावर पाणी पडू लागलं. आपण त्यावर खेळलो, पण हिशेब कोणी विचारला नाही आणि आभारही मानले नाहीत. सर आता नाहीत. मेळाव्याच्या दिवशी जेवणाआधी मैदानावर एक फेरी मारावी, एवढीच माझी विनंती आहे. माझे शेवटच्या दोन महिन्यांचे आठ आणे अजून द्यायचे राहिले आहेत.