विठ्ठलराव विखे पाटील

विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील (मृत्यू : २७ एप्रिल, इ.स. १९८०) हे महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचे आद्य प्रवर्तक आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील ग्रामीण शिक्षणकार्याचे एक अध्वर्यू होते. त्यांचे स्वतःचे शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच झाले होते. त्यांनी रुजविलेल्या शिक्षणसंस्थांची वाढ मात्र शासनाच्या सहकारविषयक व पुढे शिक्षणविषयक धोरणाने घडविली.

पूर्वजीवन

त्यांचा जन्म आताच्या राहाता तालुक्यातील लोणी बुद्रुक येथे नारळी पौर्णिमेच्या दिवशी शेतकरी कुटुंबात झाला. प्रवरा कालव्यांमुळे या भागात उसाची लागवड वाढली होती. तथापि सावकारी कर्ज आणि गुळाचे अस्थिर भाव यांमुळे बागायतदार कर्जबाजारी झाले होते. यावर उपाय म्हणून विखे पाटलांनी इ.स. १९२३ मध्ये लोणी येथे सहकारी पतसंस्था स्थापन केली.

सहकारी साखर कारखाना

इ.स. १९४५ मध्ये बेलापूर येथे भरलेल्या बागायतदार परिषदेत सहकारी कारखान्याच्या कल्पनेस चालना मिळाली. विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले. मुंबई सरकारचे अर्थ व सहकारमंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा, सरकारी भागभांडवल आणि औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज यांमुळे योजना साकार झाली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ संस्थापक अध्यक्ष झाले. डिसेंबर १९५० मध्ये पहिला गळीत हंगाम सुरू झाला. इ.स. १९६१ मध्ये विखे पाटलांना पद्मश्री हा किताब मिळाला.

शिक्षणकार्य

कारखान्यामुळे गावात पैसा आला, परंतु शेतकऱ्यांच्या मुलांना पुढील शिक्षणासाठी नगर किंवा पुण्यास जावे लागे. हा खर्च अनेकांच्या आवाक्याबाहेरचा होता. या गरजेतून इ.स. १९६४ मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था स्थापन झाली आणि इ.स. १९७१ मध्ये प्रवरानगर येथे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. पदवीचे शिक्षण त्यामुळे गावाजवळ आले.

निधनोत्तर वाटचाल

इ.स. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालये काढण्याची परवानगी दिली. विखे पाटलांचे पुत्र बाळासाहेब विखे पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी लोणी येथे अभियांत्रिकी आणि इ.स. १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय शाखेला इ.स. २००३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या धोरणाने खेड्यात व्यावसायिक शिक्षण आले. मात्र अनुदान नसल्याने राज्यभर अशा महाविद्यालयांचा भार मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कावर पडला. ज्या अल्पभूधारकाच्या भागभांडवलावर सहकार उभा राहिला, त्याच्या मुलास हे शिक्षण कितपत परवडते, हा प्रश्न त्यानंतर सतत चर्चेत राहिला. विखे पाटलांचा जन्मदिवस महाराष्ट्र शासनातर्फे शेतकरी दिन म्हणून साजरा केला जातो.