श्रीरामपूरचे एकत्र कुटुंब : विल्यम कॅरी यांच्या आयुष्यातील दोन वर्षे

इ. स. १८०० च्या जानेवारी महिन्याच्या १० तारखेस हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरील श्रीरामपूर या गावी एक इंग्रज कुटुंब नावेतून उतरले. हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे. कलकत्त्याच्या उत्तरेस सुमारे आठ कोसांवर, बराकपूरच्या समोर वसलेले हे गाव त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या अंमलाखाली होते. कुटुंबप्रमुखाचे वय ३८ वर्षांचे. त्याच्यासोबत मनाचा तोल पूर्णपणे ढळलेली पत्नी, १४ वर्षांचा फेलिक्स, अकरा-बारा वर्षांचा विल्यम, सहा वर्षांचा जाबेझ आणि चार वर्षांचा जोनाथन. पुढे बंगाली गद्याच्या पायाभरणीत ज्यांचे नाव आदराने घेतले गेले आणि मराठीच्या व्याकरण व कोशाच्या इतिहासातही ज्यांचा उल्लेख अपरिहार्य ठरला, ते हे विल्यम कॅरी.

कॅरींचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. व्यवसाय चांभारकामाचा. जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच अशा भाषा बव्हंशी स्वतःच्याच प्रयत्नाने आत्मसात केल्या. १७८१ मध्ये त्यांचा विवाह डोरोथी प्लॅकेट यांच्याशी झाला. पती भाषांमागून भाषा शिकत होता, आणि पत्नीला विवाहाच्या नोंदवहीत सहीच्या जागी फुली काढावी लागली होती. या एका तपशिलात पुढील दुःखाचे बीज दडलेले आहे असे वाटते. १७९२ साली बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली आणि कॅरींनी हिंदुस्थानात जाण्याचा निश्चय केला. डोरोथीबाईंनी सोबत येण्यास साफ नकार दिला. पहिल्या जहाजावरील प्रवास ऐन वेळी रद्द झाला, त्या अवधीत पुन्हा मनधरणी झाली, आणि धाकटी बहीण किटी सोबत येणार असेल तरच, या अटीवर त्या तयार झाल्या. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजाने हे कुटुंब निघाले आणि ११ नोव्हेंबर रोजी कलकत्त्यास पोहोचले. जाबेझ तेव्हा तान्हे मूल होते.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलुखात मिशनरी नको होते. धर्मप्रसारामुळे प्रजा बिथरेल आणि व्यापारास बाधा येईल, हे त्यामागील कारण. त्यामुळे कॅरींना निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून राहावे लागले. कलकत्ता, सुंदरबनाच्या काठचे रान आणि अखेर माल्दाकडील मदनाबाटी, अशी स्थलांतरे एका वर्षात घडली. १७९४ च्या पावसाळ्यानंतर पाच वर्षांचा पीटर हा मुलगा अतिसाराने दगावला. त्याची शवपेटी उचलण्यास जातिभयामुळे कोणी पुढे येईना. या आघातानंतर डोरोथीबाईंचे मन पुन्हा सावरले नाही. पतीविषयी निराधार संशयाने त्यांना ग्रासले, आणि कधी कधी त्या इतक्या अनावर होत की त्यांना खोलीत बंद ठेवावे लागे. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळात माणसांची काय दशा होई हे जाणून कॅरींनी त्यांना घरीच ठेवले. शेजारच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू येत असताना कॅरी बायबलचे बंगाली भाषांतर करीत बसत. त्यांच्या चिकाटीचे कौतुक चरित्रकारांनी पुष्कळ केले आहे. मात्र ज्या बाईला हा देश, ही हवा आणि हे एकाकीपण स्वेच्छेने कधीच नको होते, तिची बाजू मांडण्यास फार थोडे लोक पुढे आले, हेही नोंदवले पाहिजे.

१७९९ साल उजाडले ते संकटे घेऊनच. पुरामुळे नीळ बुडाली आणि कारखान्याचे मालक जॉर्ज उडनी यांनी मदनाबाटीचे काम आवरते घेण्याचे ठरविले. तेव्हा कॅरींनी आपली सारी शिल्लक, सुमारे ५०० पौंड, घालून जवळच्याच खिदिरपूर येथे स्वतःचा छोटा निळीचा कारखाना घेतला. इंग्लंडहून नवे सहकारी आले की सर्वांनी तेथे एकत्र राहावे, असा त्यांचा बेत होता. उडनींनी दिलेला लाकडी छापखानाही जवळ होता. परंतु बेत एक आणि घडले दुसरेच.

१३ ऑक्टोबर १७९९ रोजी नवे मिशनरी ‘क्रायटेरियन’ या अमेरिकन जहाजाने येऊन थेट श्रीरामपुरास उतरले. त्यांत ब्रिस्टलचे शाळामास्तर जोशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅना व मुले, मुद्रक व वृत्तपत्राचे माजी संपादक विल्यम वॉर्ड, तसेच ग्रँट आणि ब्रन्सडन हे होते. कंपनीने त्यांना आपल्या हद्दीत पाऊल टाकू देण्यास नकार दिला आणि त्यांना परत पाठविण्याची मागणी केली. श्रीरामपूरचे डॅनिश गव्हर्नर कर्नल ओले बी यांनी ती मागणी मानली नाही. पाहुण्यांना त्यांनी आश्रय दिला, इतकेच नव्हे तर येथेच राहून शाळा व छापखाना काढा असे सुचविले. तीन आठवडे होतात न होतात तोच, ३१ ऑक्टोबर रोजी, ग्रँट मरण पावले. त्यांची पत्नी दोन मुलांसह परक्या देशात विधवा झाली. वॉर्ड कॅरींना भेटण्यासाठी मदनाबाटीस गेले. खिदिरपूर सोडणे म्हणजे सारी पुंजी पाण्यात घालणे होते. शिवाय सहा वर्षांत जोडलेली माणसे आणि चालवलेली शाळाही सोडावी लागणार होती. कॅरींना हा निर्णय जड गेला. तरी छापखान्यासह त्यांनी मदनाबाटी सोडली.

श्रीरामपुरात नदीकाठी ६००० रुपयांना एक मोठे घर विकत घेण्यात आले, आणि तेथे जे सुरू झाले त्याला मराठी वाचक निःसंकोच एकत्र कुटुंब म्हणेल. सर्वांची मिळकत एकाच तिजोरीत जमा व्हायची. कोणी स्वतःच्या लाभासाठी व्यापार करायचा नाही. सर्वांनी एकाच पंगतीत जेवायचे. घरकारभार एकेक महिना एकेकाने पाहायचा. शनिवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून आठवड्याभरातील कुरबुरी बोलून संपवायच्या. शेवटचा नियम सर्वांत शहाणपणाचा म्हणावा लागेल, कारण अनेक संस्था पैशाअभावी नव्हे तर मनात साठवलेल्या रागापायी मोडतात.

कॅरींची मुले या घरात आली तेव्हा बरीचशी रानातच वाढल्यासारखी होती. आई आजारी, वडील भाषांतरात आणि कारखान्यात गुंतलेले. त्यांना वळण लावणार कोण? हे काम हॅनाबाई मार्शमन यांनी न सांगता अंगावर घेतले. वॉर्डांनी फेलिक्स आणि विल्यम यांना छापखान्यात घेतले व खिळे जुळविण्यास शिकविले. उनाडपणाकडे झुकलेला फेलिक्स काही महिन्यांत मुद्रणात तरबेज झाला. वडिलांच्या उपदेशाने जे साधले नव्हते ते वॉर्डांच्या सहवासाने आणि हाताला मिळालेल्या कामाने साधले. १८०० च्या मे महिन्यात मार्शमन दांपत्याने युरोपियन मुलांसाठी निवासी शाळा काढल्या. मुलींची शाळा हॅनाबाई चालवीत. या शाळांच्या उत्पन्नावरच आरंभीच्या काळात सारे घर उभे राहिले. श्रीरामपूरच्या इतिहासात कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या त्रयीचे नाव घेतले जाते, परंतु त्या घराचा चौथा खांब हॅनाबाई होत्या.

मार्च १८०० मध्ये बंगाली बायबलची छपाई सुरू झाली. त्याच वर्षी चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली अक्षरांचे ठसे कोरण्याची कला शिकलेले पंचानन कर्मकार श्रीरामपुरास आले. पुढे त्यांचे जावई मनोहर यांनी ही विद्या चालविली, आणि त्यांच्या हातून देशातील अनेक लिप्यांचे खिळे तयार झाले. पंचानन आणि मनोहर यांच्यावाचून श्रीरामपूरचा छापखाना म्हणजे नुसते लाकूड व लोखंड ठरले असते. बंगाली भाषेसाठी कॅरींना मुनशी रामराम बसू यांचा आधार होता.

मृत्यूने मात्र घराची पाठ सोडली नाही. १८०० च्या ऑगस्टमध्ये जॉन फाउंटन गेले, १८०१ मध्ये ब्रन्सडन आणि पाठोपाठ डॉक्टर जॉन थॉमस. दोन वर्षांत चार सहकारी निवर्तले. पुढे वॉर्डांनी फाउंटन यांच्या विधवेशी विवाह केला. अशा रीतीने हे कुटुंब मोडत होते आणि पुन्हा जुळत होते.

१८०० च्या अखेरीस कृष्ण पाल नावाच्या सुताराचा निखळलेला हात डॉ. थॉमस यांनी बसविला. त्यातून परिचय वाढला. कृष्ण पाल मिशनऱ्यांच्या पंगतीला बसून जेवले आणि गावात मोठी खळबळ उडाली. संतप्त जमावाने त्यांना डॅनिश न्यायाधीशापुढे नेले, परंतु तेथे त्यांची सुटका झाली. २८ डिसेंबर रोजी गव्हर्नर बी यांच्या उपस्थितीत, हुगळीच्या पात्रात, कॅरींनी प्रथम स्वतःच्या मुलाला, फेलिक्सला, आणि नंतर कृष्ण पाल यांना बाप्तिस्मा दिला. ज्या दिवसाची सात वर्षे वाट पाहिली तो असा उगवला. त्याच दिवशी हर्षातिरेकाने डॉ. थॉमस यांचे भान सुटले होते आणि त्यांना कोंडून ठेवावे लागले होते; दुसऱ्या खोलीत डोरोथीबाई ओरडत होत्या; आणि नदीकाठी उपासनेची गीते चालली होती. कॅरींचा हेतू धर्मप्रसाराचा होता. तो लपविण्याचे कारण नाही, आणि तो सर्वांना मान्य होण्याचेही कारण नाही. मात्र त्या दिवशीचे ते घर डोळ्यांसमोर आणले असता यश आणि शोक यांची इतकी जवळीक क्वचितच आढळेल.

७ फेब्रुवारी १८०१ रोजी बंगाली ‘नव्या करारा’चे शेवटचे पान छापून झाले. दोनच महिन्यांनी कॅरींना अनपेक्षित बोलावणे आले. लॉर्ड वेलस्ली यांनी कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी स्थापन केलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकविण्याचे ते काम होते. वेतन दरमहा ५०० रुपये. ज्या कंपनीला मिशनरी नको होते, तिलाच आता त्यांच्यातील भाषाशिक्षक हवा होता. इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे सदस्य नसल्यामुळे त्यांना प्राध्यापक न म्हणता केवळ शिक्षक म्हटले गेले. औपचारिक शिक्षण नसल्याने कॅरींच्या मनात धाकधूक होती. सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून त्यांनी ते काम स्वीकारले आणि वेतन सामायिक तिजोरीत घातले. मे १८०१ मध्ये युरोपातील युद्धामुळे इंग्रजांनी श्रीरामपूरच ताब्यात घेतले. नेमणूक महिनाभर लांबली असती तर या घराचे काय झाले असते, कोण जाणे!

शिकवायला पुस्तके नव्हती, म्हणून ती लिहिणे आणि लिहवून घेणे भाग पडले. १८०१ मध्येच कॅरींचे बंगाली व्याकरण आणि रामराम बसू यांचे राजा प्रतापादित्याचे चरित्र प्रसिद्ध झाले. पुढे संस्कृत आणि मराठी हे विषयही कॅरींकडे आले. कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचे व्याकरण रचले. ते १८०५ मध्ये श्रीरामपुरात छापले गेले. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला, आणि त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत होते. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, हुगळीच्या काठी, बंगाली कारागिरांच्या हातून मोडीचे खिळे घडले, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर मराठी शिकलेल्यांना विशेष जवळची वाटावी. १७९९ साली कॅरींनी सतीचा प्रकार प्रत्यक्ष पाहिला होता आणि तो थांबविण्याचा निष्फळ प्रयत्न केला होता. तीस वर्षांनंतर सतीबंदीच्या कायद्याचे बंगाली भाषांतर करण्याचे काम त्यांच्याकडेच आले.

कुटुंब मात्र हळूहळू पांगले. फेलिक्स १८०७ मध्ये ब्रह्मदेशात गेला. डोरोथीबाई त्याच वर्षी ८ डिसेंबर रोजी श्रीरामपुरात वारल्या. बारा वर्षे त्या अंधारात होत्या, आणि त्या अवधीत बाहेर घडलेल्या कशाचाही आनंद त्यांच्या वाट्याला आला नाही. दुसऱ्या विल्यमने काटव्यास काम केले, जाबेझ अंबोयना बेटावर गेला आणि जोनाथन कलकत्त्यात वकील झाला. फेलिक्सची बायको व मुले १८१४ मध्ये इरावती नदीत नाव उलटून बुडाली. नावेत छापखानाही होता. भग्न मनाने तो काही वर्षांनी श्रीरामपुरास परतला, वडिलांच्या कामात सहभागी झाला आणि १८२२ मध्ये वडिलांच्या आधीच गेला. विल्यम कॅरी ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरातच निवर्तले. १७९३ मध्ये सोडलेले इंग्लंड त्यांनी पुन्हा कधी पाहिले नाही.