भलामोठा आणि भला : जॉन चार्ल्स

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात फुटबॉल शिरला तो मुलांच्या दप्तरातून. आमची पिढी क्रिकेटवर पोसलेली. त्यामुळे मुलाच्या हट्टापायी पहिल्यांदा लीड्सच्या एलंड रोडवर गेलो तेव्हा खेळापेक्षा इकडे तिकडे बघण्यातच माझा वेळ जास्त गेला. पश्चिमेकडच्या स्टँडला कुणा जॉन चार्ल्सचे नाव होते. असेल कुणी देणगीदार, असे वाटले. नंतर चौकशी केली आणि कळले की देणगीदार म्हणणेही अगदीच चूक नव्हते. फक्त त्याने पैसे दिले नव्हते. तो स्वतःच विकला गेला होता!

जॉनचा जन्म २७ डिसेंबर १९३१ चा, वेल्समधल्या स्वान्सीचा. गावच्या क्लबात पडेल ते काम करणाऱ्या या पोराला लीड्स युनायटेडने हेरले आणि १९४९ मध्ये, सतराव्या वर्षी, पहिल्या संघात उतरवले ते सेंटर हाफ म्हणून, म्हणजे बचावफळीच्या अगदी मधोमध. सहा फूट दोन इंच उंची, पैलवानी खांदे, आणि तरीही पायात कमालीची नजाकत. पुढच्याच वर्षी तो वेल्सच्या राष्ट्रीय संघातही आला. मॅनेजर फ्रँक बकली यांनी १९५२ मध्ये त्याला एकदम उचलून आघाडीला खेळवले. गोल अडवणारा माणूस आता गोल करू लागला. १९५३-५४ च्या मोसमात त्याने दुसऱ्या विभागात ४२ गोल केले. १९५६ साली लीड्स पहिल्या विभागात चढले, तर तिथेही पहिल्याच मोसमात ३८! बचाव आणि आघाडी या दोन्ही जागी जगात अव्वल ठरावा असा खेळाडू दुसरा कोण, हा वाद जाणकार अजूनही घालतात.

पण त्याच वर्षी घात झाला. सप्टेंबर १९५६ मध्ये एका रात्री एलंड रोडचा पश्चिम स्टँड आगीत भस्मसात झाला. विम्याचे पैसे अपुरे, क्लबची तिजोरी रिकामी. विकण्यासारखी मौल्यवान वस्तू एकच होती, ती म्हणजे जॉन चार्ल्स. १९५७ च्या वसंतात इटलीतल्या तुरिनहून युव्हेंटसचे अध्यक्ष उंबर्तो आन्येल्ली लीड्सला आले. फियाट मोटारींच्या घराण्यातला हा मुलगा तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता. सौदा ठरला ६५,००० पौंडांना. ब्रिटनमधल्या खेळाडूला तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती. त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगाराला कायद्यासारखी मर्यादा होती, आठवड्याला वीस पौंडही हातात पडत नसत. इटलीत पैसाही होता आणि मानही. आपण तरी दुसऱ्या कुठल्या कारणाने घर सोडले?

भाषा येत नाही, जेवण वेगळे, खेळाची रीत वेगळी. इटलीतले बचावपटू कपडे ओढत, कोपर मारत, लाथा घालत. ब्रिटनमधून गेलेले कितीतरी खेळाडू तिथे टिकले नाहीत. हा टिकला. पहिल्याच मोसमात २८ गोल केले आणि युव्हेंटसने दहावे विजेतेपद मिळवले. १९६० आणि १९६१ सालीही ते लीग जिंकले. जोडीला अर्जेंटिनाहून आलेला बुटका, तापट ओमार सिवोरी आणि कप्तान बोनिपेर्ती. आघाडी मिळाली की जॉनला मागे बोलावून बचावाला उभे करीत. बिचारा एकाच पगारात दोन नोकऱ्या करायचा, म्हणा ना!

पण इटालियन लोकांनी त्याला डोक्यावर घेतले ते गोलांमुळे नव्हे. तोरिनो हा त्याच शहरातला कट्टर प्रतिस्पर्धी. त्यांच्याविरुद्धच्या एका सामन्यात जॉनचा धक्का लागून समोरचा बचावपटू कोसळला. पुढे फक्त गोलरक्षक होता. जॉनने चेंडू सरळ मैदानाबाहेर मारला आणि पडलेल्या माणसाकडे वळला. शत्रुपक्षाच्या प्रेक्षकांनीही ते लक्षात ठेवले. सगळ्या कारकिर्दीत त्याला एकदाही ताकीद मिळाली नाही, की मैदानाबाहेर काढावे लागले नाही. इतक्या लाथा खाऊनही! लोकांनी त्याचे नाव पाडले ‘इल जिगान्ते बुओनो’. आपल्या भाषेत सांगायचे तर भलामोठा आणि भला.

या भलेपणाची किंमतही त्याने मोजली. १९५८ साली स्वीडनमधल्या वर्ल्ड कपला वेल्स पहिल्यांदाच पोचले. हंगेरीविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात त्याला इतके तुडवले की पुढची उपांत्यपूर्व लढत त्याला बाहेर बसून बघावी लागली. ती ब्राझीलशी होती. वेल्स एकाच गोलाने हरले. गोल केला पेले नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने. त्यानंतर वर्ल्ड कप खेळायला वेल्सला थेट २०२२ साल उजाडले.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. पाच वर्षे झाली आणि घरच्यांना मायदेशाची ओढ लागली. १९६२ मध्ये जॉन लीड्सला परतला. त्याला आणायला क्लबने ५३,००० पौंड मोजले, तिकिटेही महागली. पण जुने लीड्स राहिले नव्हते. मॅनेजर डॉन रेव्ही तरुण पोरांचा नवा, धावता संघ बांधत होते, आणि जॉनच्या अंगवळणी इटलीची लय पडली होती. ११ सामने, ३ गोल, आणि काही महिन्यांतच तो ७०,००० पौंडांना रोमाला गेला. परत गेलेली पावलेही तिथे फार काळ रमली नाहीत. १९६३ मध्ये तो वेल्समध्ये, कार्डिफ सिटीत आला आणि पुन्हा बहुतेक बचावाला उभा राहिला, जिथून सुरुवात केली तिथेच. सोबत धाकटा भाऊ मेलही होता. पुढे हेरफर्डसारख्या छोट्या क्लबांत तो बरीच वर्षे खेळला.

मैदानाबाहेर मात्र त्याला कुणी चेंडू सोडून दिला नाही. पब चालवला, दुकान काढले, काही जमले नाही. पैसे गेले, कर्ज झाले. ज्याला व्यवहारात धक्का मारता येत नाही, त्याचे होते तेच झाले. ब्रिटनने सन्मान दिला तो २००१ साली, सीबीई. इटलीला मात्र आठवण करून द्यावी लागली नाही. १९९७ साली युव्हेंटसच्या शताब्दीत तिथल्या चाहत्यांनी आपला सर्वोत्तम परदेशी खेळाडू निवडला, तो प्लॅटिनी नव्हे, जॉन चार्ल्स.

जानेवारी २००४ मध्ये तो इटलीतच टीव्हीच्या कार्यक्रमासाठी गेलेला असताना आजारी पडला. त्याला विमानाने ब्रिटनला आणायचा खर्च युव्हेंटसने केला. चाळीस वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसासाठी! २१ फेब्रुवारीला वेकफिल्डच्या हॉस्पिटलात, वयाच्या ७२ व्या वर्षी, तो गेला.

आणि एलंड रोडचा तो पश्चिम स्टँड? जळालेल्या स्टँडच्या जागी १९५७ मध्ये नवा उभा राहिला, जॉनच्या विक्रीच्या पैशांचा हातभार लागून. २००४ मध्ये त्याला त्याचेच नाव दिले.

त्या दिवशी मॅच संपल्यावर मुलाला हे काही सांगता आले नव्हते, कारण मलाच ठाऊक नव्हते. नंतर सांगितले. त्याने विचारले, मग बाबा, त्याचे घर नक्की कुठले? स्वान्सी, लीड्स की तुरिन? मी गप्प बसलो. हा प्रश्न तो एक दिवस आमच्याबद्दलही विचारणार आहे. तेव्हा निदान एवढे सांगेन, की जॉन चार्ल्सची आठवण तिन्ही ठिकाणी निघते, आणि तिन्ही ठिकाणी आधी त्याच्या भलेपणाची निघते.