गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर

मार्गशीर्षी पौर्णिमेस चौलच्या टेकडीवर दत्ताची जत्रा भरते, हें अलिबाग-रेवदंड्याकडील वाचकांस ठाऊक आहे. ह्याच सणांत एके वर्षीं, दूर कृष्णाकांठच्या मुलुखांत, एका कीर्तनकाराच्या मुलाच्या तोंडाशीं फटाका फुटला व त्याची दृष्टि बहुतेक गेली. मुलाचें नांव विष्णु. त्याचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजीं कुरुंदवाड येथें झाला. बाप दिगंबरबुवा कीर्तनें करीत, त्यामुळें सूर मुलाच्या कानांत होताच. डोळे गेल्यावर शाळा सुटली. मग उपचारासाठीं मिरजेस नेलें असतां तेथें त्यास बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे थोर गुरु लाभले. सुमारें बारा वर्षें त्यानें त्यांच्यापाशीं कष्टानें विद्या मिळविली.

मिरजेच्या अधिपतींची विष्णूवर मर्जी होती. एका समारंभास त्याला बोलावणें आलें, पण त्याच्या गुरूंस आलें नाहीं. कारण विचारतां, ते केवळ गवई आहेत असें उत्तर मिळालें, अशी हकीकत सांगतात. हा कांटा त्याच्या मनांत कायमचा रुतला. आपल्याकडे तरी काय निराळें आहे? लग्नांत सनईवाला लागतो, पण त्याचें पान ओसरीच्या खालीं! आणि खरें बोलावयाचें तर, आपल्या मंडळ्यांतहि पेटी वाजविणाऱ्या बंधूची आठवण उपासनेपुरतीच होते.

इ. स. 1896 मध्यें विष्णु दिगंबर मिरज सोडून निघाले. बडोदें करून ते काठेवाडांत गेले व तेथें त्यांनीं एक नवीच गोष्ट केली. तोंवर गवयानें गावें तें राजवाड्यांत किंवा देवळांत. ह्यांनीं तिकीट लावून सर्व लोकांसाठीं जाहीर गायन केलें. तिकिटाचा पैसा देईल त्यानें यावें, बसावें, ऐकावें. मग गवयास कोणाच्या मर्जीकडे पाहावें लागत नाहीं; गाणें पसंत पडलें नाहीं तर लोक पुन्हां येत नाहींत, एवढाच काय तो धाक.

युरोपांत असें कांहीं सुमारें साठ वर्षें आधीं घडलें होतें. पियानो म्हणून एक मोठें वाद्य आहे. त्याच्या पट्ट्या आपल्या बाजाच्या पेटीसारख्या, पण आंत तारा असतात. पूर्वीं एका बैठकींत पुष्कळ गाणारे-वाजविणारे मिळून कार्यक्रम होई. हंगेरी देशच्या फ्रान्ट्स लिस्ट ह्यानें 1840 सालीं लंडनांत एकट्यानें पियानो वाजवून सभा गाजविली. पुढें 1847 नंतर त्यानें पैशासाठीं वाजविणेंच सोडलें. विष्णु दिगंबरांस मात्र तें सोडतां आलें नाहीं, कारण त्यांच्या पाठीमागें शाळा होती.

ती शाळा म्हणजे गांधर्व महाविद्यालय. 5 मे 1901 रोजीं लाहोर येथें, कोणा राजाच्या आश्रयावर नव्हे तर लोकांच्या पैशावर, ती सुरू झाली. 1908 मध्यें मुंबईस शाखा निघाली. शिकेल त्याला शिकवावें, विद्या घराण्याच्या कुलुपांत ठेवूं नये, हा त्यांचा बाणा. त्यांनीं स्वर लिहिण्याची पद्धति बसविली, पुस्तकें छापलीं, आणि रागांतील शृंगाराचे शब्द काढून भक्तीचीं पदें घातलीं. ते आपल्या धर्माचे नव्हते. रामनामाचे उपासक होते. परंतु गायन भल्या घरांत नेण्याजोगें करण्यास ह्या मनुष्यानें जे श्रम केले, त्यांचें ऋण आपल्या भजनी मंडळींवरहि आहे असें मला वाटतें.

मुंबईंत शाळेसाठीं इमारत बांधावयाची म्हणून त्यांनीं कर्ज काढलें. गांवोगांव जलसे करावे, मिळकत आणून कर्जांत भरावी, आणि शिष्यांचें जेवणखाणहि चालवावें, असें किती दिवस पुरणार? ह्यांत त्यांची चूक नव्हती असें मी म्हणणार नाहीं. हिशेब त्यांना जमला नाहीं. पण स्वतःच्या चैनीकरितां त्यांनीं तें कर्ज काढलें नव्हतें. शेवटीं सावकारांनीं इमारतीचा लिलाव केला. ज्यानें गवयास परावलंबनांतून सोडविलें, तो स्वतःच कर्जाच्या फांसांत सांपडला.

त्यानंतर ते नाशिकास आपल्या आश्रमांत रामभजनांत राहिले. गाणें थांबलें नाहीं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास असे शिष्य तयार झाले होते, व ते गुरूची विद्या गांवोगांव शिकवूं लागले होते. 21 ऑगस्ट 1931 रोजीं, जेथें विद्या आरंभिली त्याच मिरजेंत, विष्णु दिगंबरांचा अंत झाला. त्यांस बारा मुलें झालीं. अकरा बाळपणींच गेलीं. जो एक राहिला तो तेव्हां दहा वर्षांचा होता. दत्ताच्या उत्सवांत डोळे गमावलेल्या बापानें त्याचें नांव दत्तात्रेय ठेविलें होतें. पुढें तोहि मोठा गवई झाला, आणि 1955 मध्यें ऐन उमेदींत वारला.